चांगल्या पायाची पट्टी

हर्षवर्धनला मी कधीही माफ करणार नाही, हे आधीच सांगून टाकते. लोक मला समजावतात, विनयाताई, जाऊ द्या, पोरगा आहे, पहिलीच नोकरी आहे. पोरगा कसला! एकतीस वर्षांचा घोडा आहे, भूलतज्ज्ञ आहे. माझ्या डब्यातली तांदळाची भाकरी खाताना पोरगा होता, मी नाही म्हणत नाही. पण तोंड फिरवायची वेळ आली तेव्हा चांगला पोक्त माणूस झाला.

मी वसईच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर. एकवीस वर्षं झाली. मालक आणि हाडांचे सर्जन डॉक्टर आलोशियस. माणूस कडक, पण सरळ. माहेर माझं अर्नाळ्याचं, कोळीवाड्याला लागूनच. आता विरारला फ्लॅटमध्ये राहते, पण अर्नाळ्यात अजून कोणाला ठेच लागली तरी पहिला फोन मलाच येतो. तशी हिरूमावशी आली.

हिरूमावशी म्हणजे आमच्या शेजारची. सख्खी नाही, पण माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस आमची चूल तिने सांभाळली, त्यामुळे सख्ख्यांना मी तिच्या खालीच धरते. पासष्टीची बाई, आयुष्य मासळी सुकवण्यात आणि विकण्यात गेलं. दहा वर्षांपूर्वी होडीतून उतरताना उजवा घोटा मोडला होता, तो वाकडाच जुळला. हळूहळू सांधा झिजला. पाऊल टेकलं की कळ मस्तकात. डॉक्टर आलोशियस म्हणाले, सांधा स्क्रू घालून जोडून टाकू, घोटा वाकणार नाही पण दुखणारही नाही. तिचा मुलगा नथू तिला मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात न्यायचं म्हणत होता. मीच मोडता घातला. म्हटलं, "तिथे कोण ओळखतंय तुम्हाला? रांगेत मराल. इथे मी आहे ना!"

हे 'मी आहे ना' मी एकवीस वर्षांत किती जणांना म्हटलं असेल, देव जाणे.

मावशीचं हृदय थोडं कमजोर, कंबरेचे मणके एकमेकांना चिकटलेले. म्हणजे पूर्ण भूल धोक्याची आणि पाठीतलं इंजेक्शन जायला जागा नाही. पूर्वी असा पेशंट आला की आम्ही पुढे पाठवून द्यायचो. पण दोन महिन्यांपूर्वी हर्षवर्धन आला आणि त्याच्याबरोबर हे ब्लॉकचं काम आलं. सोनोग्राफीच्या मशीनवर नस बघायची, तिच्याभोवती औषध सोडायचं, तेवढाच भाग झोपतो. घोट्यासाठी दोन सुया. एक गुडघ्यामागच्या खळगीत, पेशंटला पालथं झोपवून. तिने पावलाचा बहुतेक सगळा भाग जातो. घोट्याच्या आतल्या बाजूची एक पट्टी तेवढी जागी राहते, कारण तिची नस वेगळी, वरून येते. म्हणून पेशंटला उताणं करून दुसरी सुई मांडीच्या आतल्या बाजूला. पेशंट टक्क जागा, गप्पा मारतोय आणि तिकडे घोट्यात ड्रिल चाललंय! त्याचा हाताचा ब्लॉक पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तर हसूच आलं होतं. पोराच्या हातात कसब होतं, ते मी आजही नाकारत नाही.

आता पट्टीचं सांगते, कारण सगळी बोंब तिथेच झाली.

आमच्याकडे पायाचं ऑपरेशन असलं की मी चांगल्या पायाच्या अंगठ्याला गॉजची पट्टी बांधते. चांगल्या! म्हणजे, बाबांनो, ह्या पायाला हात लावू नका. ही माझीच पद्धत. फार पूर्वी एका वॉर्डबॉयने भलताच पाय साबणाने धुऊन तयार ठेवला होता, तेव्हापासून. डॉक्टर आलोशियस नडगीवर पुढून पेनाने बाण काढतात तो वेगळा. जुन्या माणसांना पट्टी पाठ होती. हर्षवर्धनने मात्र आमच्याकडे तोवर हातांचेच ब्लॉक दिले होते. पायाची ही पहिली केस. आणि तो जिथे शिकला तिथे पट्टी ऑपरेशनच्या पायाला बांधायचे. हे त्याने मला विचारलं नाही. मीही त्याला सांगितलं नाही. ज्या घरात आपण एकवीस वर्षं राहतो, तिथे कुठली फरशी हलते हे पाहुण्याला सांगायचं सुचत नाही.

एरवी मी पेशंटच्या पायाशी उभी असते आणि कोणाचा हात लागण्याआधी मोठ्याने बोलते, "पट्टीचा पाय सोडून!" त्या मंगळवारी मी डोक्याशी बसले होते. मावशीने माझा हात सोडलाच नाही. पालथी पडून एक गाल उशीवर, आणि विचारतेय काय, तर, "विनी, बोंबील आतमदी घेतले असतील ना गो नथूने? ढग आलेत." मी तिला नथूच्या बायकोच्या तक्रारी सांगायला लावल्या. बाई रंगात आली. दोन्ही घोटे वर्षानुवर्षं उकिडवं बसून सुजलेले, पालथ्या पेशंटचा पुढचा बाण खाली दडलेला, वरून हिरवी चादर. हर्षवर्धनने पट्टी बघितली आणि त्याच पायाला सुई दिली.

मग आम्ही तिला उताणी केली. बाण समोर आला. उजव्या नडगीवर.

हर्षवर्धन बघतच राहिला. मी डाव्या अंगठ्यावरची पट्टी बघितली, मग त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कपाळावर ए.सी.त घाम. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, अजून सर आलेले नाहीत. मी उजव्या पायाला आता देतो. दोन्ही मिळून औषध मर्यादेत बसतंय, मी हिशेब केलाय. डावा पाय उद्या सकाळपर्यंत आपोआप सुटेल. कोणाला काही होणार नाही."

"सरांना सांगावं लागेल," मी म्हटलं.

"सर मला आजच्या आज काढतील, ताई. पहिलीच नोकरी आहे. कोण घेईल मला पुन्हा?" डोळ्यांत पाणी. खरंखुरं पाणी! आणि मग अगदी हळू, जणू माझ्याच काळजीने, "आणि पट्टी तुम्ही बांधली होती ना, ताई. तुमचंही नाव येईल हो."

तेव्हा मला हे वाक्य मायेचं वाटलं. अक्कल कुठे शेण खायला गेली होती कोण जाणे.

मी गप्प बसले. तिला पुन्हा पालथी केली. मावशी काय दगड नव्हे, जागीच होती. म्हणाली, "ए, आता ह्या पायाला पन? मघाशी त्याला झाली ना सुई?"

आणि मी बोलले. हे हर्षवर्धनने मला पढवलं नव्हतं, हे माझं स्वतःचं. आमच्या अर्नाळ्याच्या सुरात, तिच्या केसांवरून हात फिरवत बोलले, "मावशी, दोन्ही पाय झोपवायलाच लागतात. नायतर चांगला पाय मधीच हलतो नि डॉक्टरच्या हाताला धक्का लागतो. संध्याकाळपर्यंत उतरेल."

"मग बराय," म्हणाली. डोळे मिटले. इतकं सोपं होतं ते.

ऑपरेशन झकास झालं. डॉक्टर आलोशियस खूश. मावशी मधेच त्यांना विचारत होती की सुतारकाम चाललंय काय. हर्षवर्धनने कागद भरला: उजवा पाय, दोन ब्लॉक, तक्रार नाही. डाव्याचा उल्लेख नाही. मी तो कागद वाचला आणि फाइलमध्ये लावला.

पाच वाजता माझी ड्युटी संपली. वॉर्डात ॲनिशा सिस्टर होती. चांगली, नियमाने चालणारी मुलगी, फाइल वाचल्याशिवाय पाणीसुद्धा देणार नाही. मी तिला म्हटलं, "आजीला आज उठू देऊ नको हं." एवढंच. का उठू द्यायचं नाही, ते सांगायला तोंड उघडलं होतं. पण तिच्या मागेच हर्षवर्धन दुसऱ्या पेशंटचं बीपी बघत उभा होता, त्याने माझ्याकडे असं काही बघितलं की मी पर्स उचलून निघाले. अर्धं खरं बोलून माणूस आपली समजूत काढतो की मी काही केलंच नाही असं नाही. तसं झालं.

साडेसहाला मावशीला लघवीची घाई झाली. बेडपॅन म्हटलं की तिचा जीव जातो, त्यात नथू दाराशीच बसलेला, "पोरासमोर नाय," म्हणाली. माझं 'उठू देऊ नको' ऑपरेशनच्या पायापुरतंच असेल असं समजून ॲनिशाने फाइल बघितली. उजव्या पायावर भार नको, डावा मोकळा. म्हणजे डाव्या पायावर उभं करून शेजारच्या कमोडच्या खुर्चीवर बसवायला हरकत नाही. तरी तिने विचारलं, "आजी, डावा पाय हलतो का?" मावशीने मांडी उचलून दाखवली, गुडघा सरळ केला. हलणारच! सुई गुडघ्यामागे होती, वरचं सगळं जागंच होतं. झोपलं होतं ते खालचं पाऊल, आणि ते चादरीखाली. मावशी म्हणाली, "थोडा जड हाय, पन संध्याकाळ झाली ना, विनी म्हनाली उतरंल."

ती उभी राहिली. पाऊल खाली चिंध्यांच्या बाहुलीसारखं दुमडलं. ॲनिशाने धरली होती, तरी दोघीही गेल्या. मावशीचा डावा खुबा मोडला.

मला फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. तशीच उठून रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. एक्स-रे बघितला. आता उजवा घोटा स्क्रूंनी जखडलेला आणि डावा खुबा मोडलेला. जी बाई चालावी म्हणून मी मुंबईची वाट अडवली होती, तिला आता उभं राहायला एकही पाय नव्हता. चालेल की नाही ह्याची डॉक्टर आलोशियसही हमी देईनात. ॲनिशा कोपऱ्यात हमसून हमसून रडत होती, "मी फाइल बघूनच उठवलं हो, ताई!" मी तिला जवळ घेतलं. कुठल्या तोंडाने घेतलं, मला विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी हर्षवर्धनला जिन्यात गाठलं. म्हटलं, "आता पुरे. तू सांगतोस की मी सांगू?"

त्याने हात जोडले. "मीच सांगतो, ताई. माझी चूक, मलाच सांगू द्या. नऊला सर राउंडला येतील तेव्हा सगळ्यांसमोर सांगतो. तुमचं नाव येऊ देत नाही." मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? वाटलं, शेवटी संस्कार आहेत पोरावर. मी त्याच्या पाठीवर थापसुद्धा मारली.

नऊला सगळे मावशीच्या खाटेभोवती. डॉक्टर आलोशियस, हर्षवर्धन, ॲनिशा, नथू आणि मी. नथू रात्रभर झोपलेला नव्हता. तो ओरडला नाही, हेच वाईट. हलक्या आवाजात म्हणाला, "डॉक्टर, आईचा डावा पाय चांगला होता. कालपर्यंत त्याच पायावर ती बाजारात जायची. तो असा एकाएकी कसा दुमडला?"

डॉक्टर आलोशियसनी हर्षवर्धनकडे बघितलं. मीही बघितलं. मनात म्हणत होते, बोल बाळा, बोल.

"डाव्या पायाला आम्ही हातही लावलेला नाही," हर्षवर्धन म्हणाला. फाइल उघडून नथूसमोर धरली. "हे बघा, फक्त उजवा. आजींचं वय आहे, अशक्तपणा असतो. पेशंटला न उठवण्याची सूचना सिस्टरना दिली होती की नाही, ते विचारायला हवं."

ॲनिशाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि माझा? माझ्या कानांत नुसतं घूं घूं होत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. गरज सरो नि वैद्य मरो ऐकलं होतं. इथे वैद्याचीच गरज सरली आणि मरणार होतो आम्ही सिस्टर लोक.

तेवढ्यात उशीवरून मावशी बोलली. "नाय नाय, डाक्टर. दोनी पाय झोपवलेले ना. त्याला पन सुई दिली, ह्याला पन दिली. तशीच रीत हाय."

हर्षवर्धन गोड हसला. त्या हसण्यासाठी त्याला कानाखाली वाजवावीशी वाटली. "आजी, औषधाच्या गुंगीत असं वाटतं पेशंटना."

"गुंगी कसली? मी जागीच होते. विनीला विचार. तिनेच मला सांगितलं दोनी पाय झोपवतात म्हनून. ती कशाला खोटं बोलंल?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हर्षवर्धन म्हणाला, "ताई, तुम्हीच सांगा बरं. आजींना भास झाला असेल ना?"

काय शिताफीने टाकला होता फासा! हो म्हटलं तर मी वाचत होते. नोकरी, एकवीस वर्षांचं नाव, अर्नाळ्यातली पत, सगळं. फक्त मावशी म्हातारचळ लागलेली ठरत होती आणि ॲनिशा बेजबाबदार. आणि नथूने मान्य केलं असतं. विनयाताई सांगतात म्हणजे तसंच असणार. मी मावशीकडे बघितलं. ती माझ्याकडे निर्धास्त बघत होती. कोर्टात आपला साक्षीदार आला की माणूस बघतो ना, तशी.

"भास नाही," मी म्हटलं. सरांकडे वळले. "सर, भास नाही. आधी चुकून डाव्या पायाला ब्लॉक दिला. मी बांधलेली पट्टी ह्यांनी उलटी समजली, आणि मी त्या वेळी बघत नव्हते. मग उजव्याला दिला. कागदावर डावा आला नाही. मला माहीत होतं. ॲनिशाला काहीच माहीत नव्हतं."

"ताई, काय बोलताय तुम्ही!" हर्षवर्धन ओरडला. "स्वतःची चूक झाकायला माझ्यावर? पट्टी तुमची, पेशंट तुमच्या गावची!"

डॉक्टर आलोशियस खाटेशी आले. वाकले, चादर बाजूला केली, मावशीच्या डाव्या गुडघ्यामागे हळूच हात घातला आणि सुईच्या जागी लावतात ती छोटी गोल चिकटपट्टी काढून तळहातावर धरली. मग हर्षवर्धनसमोर हात केला. त्याने मान खाली घातली. सर म्हणाले, "माझ्या केबिनमध्ये जाऊन बस." तो गेला. जाताना माझ्याकडे असा बघून गेला, जणू मीच त्याला दगा दिला. चोराच्या उलट्या बोंबा!

आणि मला, काय सांगू, त्या क्षणी हलकं वाटलं. उशिरा का होईना, खरं बोलले. वाटलं, आता नथू त्याच्यावर धावून जाईल, मावशी त्याला कोळीवाड्यातल्या ठेवणीतल्या शिव्या देईल, आणि मग माझा हात धरेल. असंच वाटलं होतं मला. माणूस किती निर्लज्जपणे आशा करतो.

नथू जागचा हलला नाही. तो आईकडे बघत होता. मावशी छताकडे.

डॉक्टर आलोशियस तिच्याजवळ बसले. दोन्ही हात जोडून म्हणाले, "आजी, चूक आमची. खर्चाचं नावसुद्धा काढायचं नाही. पण खुब्याचं ऑपरेशन लवकर करायला हवं, उशीर केला तर अंथरुणाला खिळाल. मी मुंबईहून मोठे भूलतज्ज्ञ बोलावतो. तो मुलगा आत पाऊल ठेवणार नाही, माझा शब्द."

मी पुढे झाले. "मावशी, मी आत असेन. ह्या वेळी एक क्षण नजर हलवणार नाही. सगळं तुला आधी सांगेन..."

"करा आपरेशन," मावशी डॉक्टरांना म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. "त्या पोराला पायजे तर येऊ दे. त्याला मी वळखत पन नाय, त्याचा राग काय धरू? पन ही आत नको."

"मावशी, अगं..."

तेव्हा तिने मान वळवली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर मी पाय धरले असते, रडले असते, काहीतरी केलं असतं. ती दमलेली होती.

"तू बोललीस का मला खरं वाटतं गो, विनी," म्हणाली. "म्हनून नको."